हात मोकळा असलेला बरा

२३ जून २०२५ च्या सोमवारी पहाटे पाचलाच उठले होते, कारण साडेपाचला अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगच्या, एनबीएच्या फायनल्सची सातवी मॅच होती, थंडर विरुद्ध पेसर्स, ओक्लाहोमा सिटीत. आई ओट्यापाशी दूध तापवत होती, मी सोफ्यावर पाय वर घेऊन फोन धरून बसलेली, आवाज अगदी बारीक कारण बाबा झोपलेले. पहिल्याच क्वार्टरमध्ये पेसर्सच्या टायरीस हॅलिबर्टनने तीन थ्री मारले आणि मला वाटायला लागलं की आज हे घेऊन जातात, आणि तेवढ्यात तो ड्राइव्हला निघाला आणि घसरल्यासारखा खाली गेला आणि कोर्टवर हात आपटत राहिला. अकिलीस, टाचेमागची शीर. ज्यांनी थोडंफार बास्केटबॉल खेळलंय त्यांना हे बघताक्षणी कळतं, रिप्ले लागत नाही. आई तिथूनच बघत होती, म्हणाली, "अगं तो पोरगा उठत का नाहीये?" मला काही बोलताच आलं नाही.

थंडर १०३-९१ जिंकले. त्यांच्या शे गिल्जस-अलेक्झांडरला फायनल्सचा एमव्हीपी, म्हणजे सर्वोत्तम खेळाडूचा मान मिळाला, कॉन्फेटी वगैरे झालं, मी आंघोळ करून ऑफिसला निघाले. आणि स्कूटीवर वर्धा रोडच्या सिग्नलला उभी असताना माझ्या डोक्यात एक गोष्ट आली जी तेव्हापासून गेलेली नाही. या दोन्ही टीम एकाच माणसाला विकून उभ्या राहिल्यात. पॉल जॉर्ज. २०१७ मध्ये तो इंडियानात, म्हणजे पेसर्सकडे होता, पुढच्या वर्षी मी थांबणार नाही असं त्याने सांगून टाकलेलं, म्हणून पेसर्सनी त्याला थंडरला दिलं आणि बदल्यात व्हिक्टर ओलाडिपो आणि डोमांटास सबोनिस घेतले. तेव्हा बहुतेकांचं म्हणणं हेच की इंडियानाला लुटलं. त्या सबोनिसला २०२२ च्या फेब्रुवारीत सॅक्रामेंटो किंग्जला देऊन पेसर्सनी हॅलिबर्टन आणला. आणि तिकडे थंडरनी तोच जॉर्ज २०१९ मध्ये क्लिपर्सना दिला आणि त्यातून शे आला, शिवाय पिक्सचा, म्हणजे दरवर्षीच्या ड्राफ्टमध्ये नवे प्लेअर निवडायच्या नंबरांचा ढीग आला, त्यातल्या एका पिकमधून जेलन विल्यम्स आला. म्हणजे त्या सकाळी मी जे बघितलं ते एकाच ट्रेडची दोन टोकं एकमेकांशी खेळताना बघितलं.

सबोनिसला मी प्रत्यक्ष बघितलाय हे इथे सांगायलाच पाहिजे. ऑक्टोबर २०१९ मध्ये एनबीएच्या दोन प्री-सीझन मॅच मुंबईत झाल्या, वरळीच्या एनएससीआय डोममध्ये, पेसर्स आणि किंग्ज. किंग्जचे मालक विवेक रणदिवे मुळात मुंबईचेच. मी शुक्रवारी रात्री नागपूरहून दुरांतो पकडली आणि शनिवारची मॅच बघितली, पेसर्स १३०-१०६ जिंकले. सबोनिस आणि मायल्स टर्नर दोघंही पेसर्सकडे होते तेव्हा. अडीच वर्षांनी सबोनिस समोरच्याच टीममध्ये गेला, आणि किंग्जकडून त्या दिवशी खेळणारा बडी हील्ड हॅलिबर्टनसोबत इंडियानात आला. तेव्हा कुणाला काय माहीत होतं.

मी एका मध्यम कंपनीत पेरोल बघते, बारा वर्षं झाली. कदाचित त्यामुळेच मला गेम जितका आवडतो तितकंच त्यामागचं पगारपत्रकही आवडतं. माझ्या लॅपटॉपवर एक एक्सेल आहे, थंडरच्या प्रत्येक प्लेअरचा पगार, पुढच्या पाच वर्षांचे कॉलम, ऑप्शन, म्हणजे शेवटचं वर्ष चालू ठेवायचं का हे ठरवायचा हक्क, कुणाकडे आहे त्याप्रमाणे रंग. २०१२ पासून मेंटेन करतेय. मैत्रिणींना वाटतं हा कोरडा विषय आहे, पण मला विचाराल तर ज्या दिवशी एखाद्या टीमचा पगाराचा तक्ता नीट वाचता येतो त्या दिवशी त्या टीमला कशाची भीती वाटते ते कळायला लागतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. एनबीएत प्रत्येक टीमला पगारावर एक मर्यादा असते, सॅलरी कॅप, २०२४-२५ ला ती साधारण १४.०६ कोटी डॉलर होती. पण ही मर्यादा कडक नाही, तुमचा स्वतःचा जुना प्लेअर ठेवायचा असेल तर कॅप ओलांडून पगार देता येतो, त्याला बर्ड राइट्स म्हणतात, लॅरी बर्डच्या नावावरून. मग वर एक टॅक्सची रेघ, १७.०८ कोटींवर, ती ओलांडली की मालकाच्या खिशातून दंड. आणि २०२३ च्या करारापासून त्याच्याही वर सेकंड एप्रन नावाची रेघ आली, १८.८९ कोटी, आणि ती खरी जीवघेणी, कारण तिथे नुसते पैसे जात नाहीत, हातच बांधले जातात. दोन छोटे पगार एकत्र करून एक मोठा प्लेअर आणता येत नाही, ट्रेडमध्ये रोख देता येत नाही, सात वर्षांनंतरचा पहिल्या राउंडचा पिक गोठतो. श्रीमंत मालकाला दंडाचं काही वाटत नाही म्हणून लीगने बंधनं घातली, आणि ती बंधनं सगळ्यांना लागली. म्हणून आजकाल प्रत्येक जनरल मॅनेजरच्या तोंडी एकच शब्द असतो, फ्लेक्सिबिलिटी. हात मोकळा पाहिजे.

हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलेय. बाबा बँकेत क्लार्क होते. १९९८ ला बेसा रोडला दीड हजार चौरस फुटाचा प्लॉट चालून आला होता, बाबांच्या ऑफिसातल्या एकाचाच होता, त्याला मुलीच्या लग्नासाठी घाईने विकायचा होता. नव्वद हजार म्हणत होता. बाबांकडे एफडी होती, थोडं सोसायटीचं लोन मिळालं असतं. आम्ही चौघं स्कूटरवर बसून बघायला गेलो, मला तिथलं बाभळीचं झाड आठवतं, आईने पदराने वारा घेत जागा पावलांनी मोजली होती. बाबा दोन आठवडे विचार करत होते आणि शेवटी नाही म्हणाले. "एवढी रक्कम अडकवून ठेवायची नाही. दोन पोरं आहेत, उद्या काय लागेल सांगता येत नाही. हात मोकळा असलेला बरा." आई काही बोलली नाही. तिने फक्त एकदा विचारलं, "मोकळा हात कशासाठी ठेवायचा असतो हो?"

२०१२ च्या ऑक्टोबरमध्ये, दसरा नुकताच झालेला, रविवारी सकाळी बातमी वाचली की थंडरनी जेम्स हार्डनला ह्यूस्टनला दिलं, आणि मला आईचं तेच वाक्य आठवलं होतं. तोवर मी थंडरच्या प्रेमात पडलेले होते. केविन ड्युरंट, रसेल वेस्टब्रुक, हार्डन, सर्ज इबाका, सगळे पोरगेलेसे, सगळे थंडरचा जनरल मॅनेजर सॅम प्रेस्टी याने ड्राफ्टमधून आणलेले, त्या जूनमध्ये फायनलला जाऊन मायामीकडून ४-१ हरलेले, पण असं वाटायचं की आत्ता तर सुरुवात आहे. हार्डन बेंचवरून यायचा, त्या वर्षीचा सिक्स्थ मॅनचा अवॉर्ड त्याचाच. प्रश्न करार वाढवायचा, एक्स्टेन्शनचा होता. त्याला मॅक्स, म्हणजे नियमाने देता येणारा सगळ्यात मोठा पगार पाहिजे होता, चार वर्षांचे सहा कोटींच्या आसपास, थंडर देत होते त्यात आणि मॅक्समध्ये जो फरक होता तो चार वर्षांचा मिळून अर्ध्या कोटीच्या आसपास असल्याच्या बातम्या होत्या. नवा टॅक्स पुढच्या सीझनपासून लागणार होता, ओक्लाहोमा छोटं मार्केट, ड्युरंट वेस्टब्रुकला मोठे पगार आधीच दिलेले, ऑगस्टमध्ये इबाकाचंही एक्स्टेन्शन झालेलं. कागदावर प्रेस्टीचं सगळं बरोबर होतं. बदल्यात आले केविन मार्टिन, जेरेमी लॅम्ब, पहिल्या राउंडचे दोन पिक, दुसऱ्या राउंडचा एक. त्यातल्या एका पिकमधून स्टीव्हन अ‍ॅडम्स आला, तो माझा फार लाडका प्लेअर, त्यामुळे काहीच मिळालं नाही असं मी कधी म्हणणार नाही. पण ह्यूस्टनने हार्डनला पाच वर्षांचे आठ कोटी दिले आणि २०१८ ला तो एमव्हीपी झाला. ड्युरंट २०१४ चा एमव्हीपी, वेस्टब्रुक २०१७ चा. तिघंही एका बेंचवर बसायचे.

याच्यावर इतक्या वर्षांत पुष्कळ वाद झालेत, हार्डनला स्वतःची टीम पाहिजेच होती, तो पुढे गेलाच असता, असं म्हणणारे आहेत आणि त्यात तथ्य असेल. तरी माझं मत तेच आहे जे तेव्हा होतं. त्यांच्याकडे अजून एक अख्खं वर्ष होतं, आहे त्याच पगारात हार्डन त्या सीझनला खेळलाच असता. आणि केंड्रिक पर्किन्सचा जो जड करार होता तो एकदाच वापरता येणाऱ्या अ‍ॅम्नेस्टी नियमाने हिशोबातून काढता येत होता. म्हणजे जागा करता येत होती. प्रेस्टीने पुढच्या काळजीसाठी हातातलं दिलं. तेवीस वर्षांचा असा प्लेअर ज्याच्यासाठी बाकीच्या टीम वर्षानुवर्षं जागा मोकळी ठेवतात तोच तुमच्याकडे असताना, जागा मोकळी करायला त्यालाच देणं, हे मला पेरोलवाली म्हणून पण पटत नाही आणि खेळलेली मुलगी म्हणून तर अजिबातच नाही.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. २०१६ ला वेस्टर्न फायनलमध्ये गोल्डन स्टेट वॉरियर्सवर ३-१ अशी आघाडी होती ती गेली, आणि त्याच उन्हाळ्यात टीव्हीच्या नव्या पैशामुळे कॅप एका फटक्यात सात कोटींवरून ९.४१ कोटींवर गेली. एवढी उडी एकदम घ्यायची नाही, हळूहळू वाढवू, असं लीग म्हणत होती, प्लेअर्सच्या युनियनने ऐकलं नाही. त्यामुळे त्र्याहत्तर मॅच जिंकलेल्या वॉरियर्सकडे अचानक जागा झाली आणि ४ जुलैला ड्युरंट तिकडे गेला. त्या जागेचा अंदाज २०१२ ला कुणीच करू शकलं नसतं. पण एवढं खरं की ज्या वर्षांच्या टॅक्सची भीती धरून हार्डन दिला त्या वर्षांच्या शेवटी ड्युरंटही नव्हता.

आता २०१९ बघा. जुलैत करारातून मोकळा झालेला स्टार कावाय लेनर्ड याने क्लिपर्सना कळवलं की जॉर्जला आणा तर मी येतो. आणि जॉर्जने थंडरकडे ट्रेड मागितला. इथे प्रेस्टीची पोझिशन अशी की विकत घेणाऱ्याला आजच्या आज पाहिजे आणि त्याला एकाच्या किमतीत दोन सुपरस्टार मिळणार आहेत. त्याने काय काय मागितलं! शे, गॅलिनारी, पहिल्या राउंडचे पाच पिक, त्यातले काही मायामीचे, शिवाय दोन वर्षांची पिकची अदलाबदल. लगेच वेस्टब्रुकही ह्यूस्टनला गेला, बदल्यात क्रिस पॉल आणि अजून पिक. बातम्यांमध्ये सगळीकडे पिक, पिक. शे तेव्हा वीस वर्षांचा, एक सीझन खेळलेला, त्याचं नाव दुसऱ्या वाक्यात यायचं.

पिक म्हणजे काय हे मी आईला भिशीवरून समजावलं होतं आणि मला वाटतं त्याहून सोपं उदाहरण नाही. आमच्या कॉलनीत बारा बायकांची भिशी, दर महिन्याला प्रत्येकीचे दोन हजार, वर्षाच्या सुरुवातीला चिठ्ठ्या काढून नंबर ठरायचे. आईची एक जुनी दैनंदिनी आहे, त्यात बारा नावं आणि समोर महिने, आणि काही नावांवर बाण काढलेले, हिचा श्रावण तिला, तिचा जून हिला. आई नेहमी जून मागायची. एखादीला दिवाळीआधी पाहिजे असायचं, आईची चिठ्ठी ऑक्टोबरची निघालेली असायची, ती म्हणायची घे तू, मला तुझा जून दे. आमच्या शाळाकॉलेजच्या फीया जूनमध्ये असायच्या म्हणून. बारा महिन्यांचा पैसा तेवढाच, चोवीस हजार, पण कुणाला कधी किती घाई आहे ते आईला पक्कं माहीत असायचं. प्रेस्टी हेच करत होता. क्लिपर्सना दिवाळी आज करायची होती. त्याने त्यांचे पुढचे जून मागून घेतले. २०२२ चा जून आला तेव्हा बाराव्या नंबरला सांता क्लारा कॉलेजचा जेलन विल्यम्स मिळाला, आणि फायनल्सच्या पाचव्या मॅचमध्ये त्याने चाळीस पॉइंट केले.

पण मधली वर्षं. त्यावर कुणी फार लिहीत नाही आणि मला त्याचंच जास्त वाटतं. २०२०-२१ ला २२ विजय ५० पराभव, पुढच्या वर्षी २४ आणि ५८. २ डिसेंबर २०२१ ला मेम्फिसकडून १५२-७९, त्र्याहत्तर पॉइंटने, लीगच्या इतिहासातला सगळ्यात मोठा पराभव, शे त्या दिवशी दुखापतीमुळे नव्हता. मी ती मॅच पूर्ण बघितली कारण मधेच बंद करणं मला बरोबर वाटलं नाही. त्या काळात थंडरची मोकळी जागा भाड्याने दिल्यासारखी होती. दुसऱ्या टीमला नकोसा झालेला जड पगार आमच्याकडे पाठवा, सोबत एक पिक द्या. अल हॉरफर्डचंच बघा. फिलाडेल्फियाने डिसेंबर २०२० ला त्याला ओक्लाहोमाला पाठवलं, सोबत भविष्यातला एक पिक. हॉरफर्ड अठ्ठावीस मॅच खेळला, चांगला खेळला, आणि मार्चच्या शेवटी त्याला सांगितलं की आता बस, आम्हाला तरुण मुलांना मिनिटं द्यायचीत. तो फिट होता. मग उन्हाळ्यात तो बॉस्टनला परत, त्या बदल्यात केंबा वॉकरचा जड पगार आणि सोळावा पिक, तो पिक पुढे ह्यूस्टनला देऊन अजून दोन पिक. एका माणसाचे एवढे तुकडे पाडून हिशोबात टाकले. त्याच हॉरफर्डने २०२४ ला बॉस्टनसोबत चॅम्पियनशिप जिंकली तेव्हा मला फार आनंद झाला होता.

माझ्या युनिव्हर्सिटीच्या शेवटच्या वर्षी असंच झालं होतं म्हणून हे मनाला लागतं. झोनलच्या आधी कोचने मला बाजूला घेऊन सांगितलं, तू फायनल इयरला आहेस, पुढच्या वर्षी नसणार, मी सेकंड इयरच्या मुलींना खेळवणार, टीम बांधायचीय. त्यांचं चुकलं असं आजही म्हणवत नाही. दोन वर्षांनी ती टीम खरंच चांगली झाली. मी मात्र ती टूर्नामेंट ट्रॅकसूटची चेन वरपर्यंत लावून बेंचवर बसून काढली, शूज मी घरून निघतानाच बांधलेले असायचे, रोज. त्यामुळे कुणी जेव्हा प्रेस्टीच्या धीराचं कौतुक करतं तेव्हा मला वाटतं की तो धीर सगळा त्याचा एकट्याचा नव्हता. त्या काळात तिकीट काढून येणारे लोक, बसवून ठेवलेले खेळाडू, दहा दिवसांच्या कराराने आलेली आणि परत गेलेली पोरं, यांचाही त्यात वाटा आहे.

पेसर्सनी हा रस्ता घेतला नाही हे मला त्यांच्याबद्दल सगळ्यात जास्त आवडतं. तेही छोटं मार्केट, मालक हर्ब सायमन १९८३ पासून तेच, तिथे तळ गाठून बसणं फारसं केलंच जात नाही. त्यांची चाल बारकाईची. २०२३ ला त्यांच्याकडे कॅपमध्ये जागा होती, ती त्यांनी ब्रूस ब्राऊनला दिली, दोन वर्षांचे साडेचार कोटी, दुसरं वर्ष टीमच्या मर्जीवर. लोक म्हणाले एवढे कशाला याला. पण तो करार म्हणजे सुट्टे पैसे होते. ट्रेडमध्ये दोन्ही बाजूंचे पगार साधारण जुळावे लागतात, आणि रिकामी जागा एकदा गेली की गेली, म्हणून त्यांनी ती जागा एका चांगल्या प्लेअरच्या पगाराच्या रूपात जपून ठेवली. जानेवारी २०२४ ला तोच पगार आणि पहिल्या राउंडचे तीन पिक देऊन टोरंटोहून पास्कल सियाकम आणला. दीड वर्षात फायनल. मी पेरोलमध्ये मंजूर झालेलं पद रिकामं ठेवलं तर पुढच्या बजेटात ते कापलं जातं हे दरवर्षी बघते, म्हणून ब्राऊनचा करार वाचताना मला अगदी ओळखीचं वाटलं होतं.

आणि फायनल हरल्यानंतर दोन आठवड्यांच्या आत टर्नर गेला. दहा वर्षं इंडियानात काढलेला, मुंबईत बघितलेला तो टर्नर. हॅलिबर्टन पुढचा अख्खा सीझन बाहेर, तशा वर्षी टॅक्स भरायचा का, असा हिशोब पेसर्सनी केला असणार, आणि तेवढ्यात मिलवॉकीने डेमियन लिलार्डला सोडून, त्याचा राहिलेला पगार पाच वर्षांवर पसरवून, जागा केली आणि टर्नरला चार वर्षांचे दहा कोटींच्या वर दिले. मला पेसर्सचं इथे पटलं नाही. पण हार्डनच्या वेळी जेवढा राग आला होता तेवढाही आला नाही, कारण हॅलिबर्टनचा तो पाय मी बघितला होता.

राग आला तो २०२५ च्या फेब्रुवारीत. धाकटा भाऊ टेक्ससमध्ये फ्रिस्कोला असतो, डॅलसच्या टीमचा भक्त, त्याच्या चार वर्षांच्या मुलीला लुका हा शब्द बाबाच्या आधी यायला लागला होता म्हणतात. रविवारी इथे सकाळचे पावणेअकरा, त्याच्याकडे शनिवारची मध्यरात्र व्हायची होती, फोन आला. "ताई, लुकाला देऊन टाकलं." मी म्हटलं कुठल्यातरी खोट्या अकाउंटवर वाचलं असशील. "नाही गं, खरंय. लेकर्सला." पुढे बराच वेळ तो बोललाच नाही, मागे फक्त त्याच्या घरातल्या हीटरचा आवाज येत होता. पंचवीस वर्षांचा लुका डॉन्चिच, आदल्याच वर्षी फायनलला घेऊन गेलेला, आणि बदल्यात एकतीस वर्षांचा अँथनी डेव्हिस, मॅक्स क्रिस्टी आणि पहिल्या राउंडचा एकच पिक. उन्हाळ्यात त्याला पाच वर्षांचा साधारण ३४.५ कोटींचा करार द्यावा लागला असता आणि त्याच्या फिटनेसची शंका होती, असं सगळं बाहेर आलं. मला त्याच्यापेक्षा हे कळलं नाही की विकायचंच होतं तर एकाच टीमशी गुपचूप बोलून कसं विकलं. प्रेस्टीने जॉर्जसाठी पाच पिक काढले, जॉर्ज लुका नव्हता. मे महिन्यात डॅलसला १.८ टक्के शक्यता असताना ड्राफ्टच्या पहिल्या नंबरची लॉटरी लागली आणि कूपर फ्लॅग मिळाला, भाऊ आता थोडा सावरलाय, पण भाचीला ते लुकाचं टी-शर्ट लहान होत आलंय तरी दुसरं घेतलं नाहीये.

२०२५ च्या जुलैत पहिल्या दहा दिवसांत थंडरनी तीन करार केले. शे, चार वर्षांचे २८.५ कोटी, २०२७ पासून लागू. चेट होमग्रेन पाच वर्षांचे पंचवीस कोटींपर्यंत. जेलन विल्यम्स पाच वर्षांचे २८.७ कोटींपर्यंत. मी ऑफिसमध्ये जेवणाच्या सुट्टीत ती बातमी वाचली आणि डबा तसाच राहिला. तेरा वर्षांपूर्वी याच प्रेस्टीने, याच टीममध्ये, तिसऱ्याला, हार्डनला, नाही म्हटलं होतं. या वेळी त्याने तिघांनाही, फार ओढाताण न करता, मागेल ते दिलं. हात इतकी वर्षं मोकळा ठेवला तो कशासाठी, या आईच्या प्रश्नाला मला तरी हे उत्तर वाटलं.

सप्टेंबर २०२५ मध्ये हे लिहिताना एक्सेलकडे बघते तेव्हा २०२७-२८ च्या कॉलममध्ये शे एकटा कॅपच्या पस्तीस टक्क्यांवर, चेट आणि जेलन साधारण पंचवीस पंचवीस, जेलनचे जास्तही होऊ शकत होते. म्हणजे तीन माणसांत पंच्याऐंशी टक्के. चॅम्पियन झालेल्या वर्षी जेलनचा पगार अर्धा कोटीपेक्षा कमी होता आणि चेटचा एक कोटीच्या थोडा वर, ते वर्ष परत येणार नाही. बॉस्टनचं काय झालं ते समोर आहे, २०२४ चे चॅम्पियन, त्यांचा स्टार जेसन टेटम याचं अकिलीस २०२५ च्या मे महिन्यात गेलं, पगार आणि टॅक्स मिळून पन्नास कोटींच्या घरात जाणार होते म्हणून एका आठवड्यात ज्रू हॉलिडे पोर्टलंडला आणि पोर्झिंगिस अटलांटाला. ओक्लाहोमात ती वेळ २०२६ च्या उन्हाळ्यापासून सुरू होते. थंडरच्या आयझया हार्टनस्टाइनचा २.८५ कोटींचा ऑप्शन, लू डॉर्टचा १.७७ च्या आसपासचा, दोन्ही टीमच्या हातात. प्रेस्टीने अ‍ॅरन विगिन्स आणि आयझया जो यांचे करार उतरत्या क्रमाने लिहून ठेवलेत, दरवर्षी पगार कमी होत जाणारे, हे फार हुशारीचं, वरचे तीन आकडे फुगतात तसे हे खाली येतात. आणि क्लिपर्सचा २०२६ चा पिक तेव्हा अजून यायचा होता. त्या हॉरफर्डच्या वेळचा फिलाडेल्फियाचा पिकही पुढे ढकलला गेला, तो २०२५ ला पहिल्या सहात गेला म्हणून त्यांच्याकडेच राहिला.

माझं म्हणणं असं की या पिक्सच्या बदल्यात चौथा मोठा स्टार आणायच्या मोहात पडू नये. ते पिक आता स्वस्त पगाराची माणसं आणायला वापरायचे, दरवर्षी एक दोन, आणि त्यांना शिकवायचं, तो भाग ही टीम इतरांपेक्षा चांगला करते. हार्टनस्टाइनला कदाचित सोडावं लागेल. त्याची पुढची सोय म्हणूनच बहुतेक २०२५ च्या जूनमध्ये पंधराव्या नंबरला थॉमस सोर्बर घेतला होता, आणि सप्टेंबरमध्ये, गणपती विसर्जनाच्या आदल्या दिवशी, बातमी आली की त्याचा एसीएल, गुडघ्यातला बंध, गेला, अख्खा सीझन गेला. त्याआधीच्या वर्षीचा पिक निकोला टोपिचही असाच गुडघ्यामुळे पूर्ण वर्ष बसला. एक्सेलमध्ये स्वस्त मुलगा मोठ्या प्लेअरच्या जागी एका सेकंदात बसतो, कोर्टवर त्याचा गुडघा मध्ये येतो, हे मला ती शीट बघताना सतत स्वतःला सांगावं लागतं.

आणि डॉर्ट. २०१९ ला कुणीच ड्राफ्ट न केलेला, टू-वे, म्हणजे मुख्य टीम आणि धाकट्या लीगमध्ये विभागलेल्या करारावर आलेला, त्र्याहत्तर पॉइंटने हरलेल्या त्या सीझनच्या टीममधला. समोरच्या टीमच्या सगळ्यात अवघड माणसाला रोज तो धरतो, अंगावर झेलतो. आकड्यांनी बघितलं तर त्याचा ऑप्शन घेण्यापेक्षा ती रक्कम वाचवली तर एप्रनच्या खाली राहायला मदत होते, कुठलाही हिशोबनीस हेच सांगेल, हा माझ्या कंपनीतला प्रश्न असता तर मीही हेच लिहून दिलं असतं. काल रात्री शीट उघडून २०२६-२७ चा कॉलम केला, हार्टनस्टाइनच्या चौकटीला पिवळा रंग दिला, विगिन्स, जो, केनरिच विल्यम्स सगळं भरलं. आई शेजारी भाजी निवडत होती, गवारीच्या शेंगा. तिने विचारलं, "तो उठला का गं परत, जूनमधला?" म्हटलं, चालायला लागला असेल, खेळायला अजून वर्ष आहे. ती म्हणाली मग त्याचा पगार? म्हटलं मिळतो पूर्ण, करार असतो. "मग ठीक आहे," म्हणाली आणि शेंगांचं ताट घेऊन आत गेली. डॉर्टच्या चौकटीत १.७७ लिहिलं आणि रंग न देता फाइल सेव्ह केली.